रिमफायर अर्धस्वयंचलित रायफल: विश्वासार्हता कशावर ठरते?

जबलपूरमध्ये १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे. त्यामुळे आमच्या गोरखपूर भागातले विद्यार्थी बंदुकीबद्दल हमखास विचारतात: छोट्या शिकारीसाठी आणि उपद्रवी प्राण्यांसाठी कोणती पॉइंट बावीस रायफल भरवशाची? उत्तर संवेगाच्या नियमात आहे.

या काडतुसाचे पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेत असते. गोळी पुढे सुटते तेव्हा बोल्ट मागे ढकलला जातो, रिकामे टरफल बाहेर पडते आणि स्प्रिंग बोल्टला परत आणते.

समजा, गोळी २.६ ग्रॅमची, तिचा वेग ३३० मी./से. आणि बोल्ट १७० ग्रॅमचा आहे. वायू व घर्षण सोडल्यास बोल्टचा वेग सुमारे ५ मी./से. येतो. काडतूस कमजोर निघून हा वेग १० टक्के घटला, तर गतिज ऊर्जा १९ टक्के घटते. बोल्ट अर्ध्यातून परततो, टरफल अडकते. काजळी साचली तरी तेच होते. म्हणून रायफल आणि काडतूस यांची जोडी तपासा. बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीत ही अडचण येत नाही.

लक्षात ठेवा, आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार सशाची शिकारही गुन्हा आहे.