गोचीड अंगावर थोडी, भिंतीत फार

कुत्रं दोन दिवस भाकरीला तोंड लावत नाही, सावलीत पडून राहतं, हाक मारली तर नुसती शेपटी हलवतं. भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात यावर पहिलं निदान घरातच होतं, ‘ऊन लागलं असन.’ मग त्याला ताक पाजतात, अंगावर पाणी मारतात. आठवड्याभरात नाकातून रक्त आलं की अमरावतीची वाट धरली जाते. तिथे रक्त तपासतात. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट्स साधारण दोन ते पाच लाख असतात. अहवालात त्या काही हजारांवर आलेल्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, ‘टिक फीवर आहे.’ हे ऐकून घरातली माणसं हबकतात. त्यांना पहिल्यांदा हे सांगायला हवं, की वेळेत औषध सुरू झालं तर यातून बहुतेक कुत्री उठतात.

टिक फीवर, म्हणजे गोचीड ताप, या एका नावाखाली अनेक आजार येतात. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो. त्याची पहिली नोंद 1935 मध्ये अल्जेरियात झाली. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची दोनशेहून अधिक कुत्री, बहुतेक जर्मन शेफर्ड, त्याने दगावली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. बॅबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कॉफीसारखी गडद होते. त्यातल्या बॅबेसिया गिब्सोनीची ओळख तर भारतातच पटली, 1910 मध्ये, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण बॅबेसियाला वेगळी औषधं लागतात. कधी दोन्ही एकदमच असतात. म्हणून रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गुंतागुंत वाढली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यापासून फार लांब नाहीत.

डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यायचं असतं. नेमकी इथेच गफलत होते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं दारात भुंकायला लागतं, आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. जंतू मात्र शरीरात दडून बसतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, हाडांतल्या मगजावर घाला घालतो. त्या अवस्थेत कुत्रं वाचवणं फार अवघड. गोळी दुधातून देऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. भाकरीच्या तुकड्यात द्या आणि वरून पाणी पाजा; कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. अंग तापलंय म्हणून घरातली ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नका. प्लेटलेट्स आधीच कमी, त्यात या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. आणखी एक सांगतो, कारण यावरून लोक उगाच हवालदिल होतात: झटपट किटची अँटिबॉडी चाचणी बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. कुत्रं सुधारतंय का, हे प्लेटलेट्स, भूक आणि वजन यांवरून ठरवा.

माझ्या मते खरी लढाई मात्र घरातच असते. कुत्र्याला त्रास देणारी तपकिरी गोचीड आयुष्याचा थोडाच काळ त्याच्या अंगावर काढते. रक्त पिऊन झालं की ती गळून पडते, भिंतीवर चढते, फटीत शिरते. तिथे एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. मोठी गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरते. मातीच्या भिंती, गोठ्याचे खांब, कुटाराची खोली, कुत्र्याचं जुनं पोतं ही तिची घरं. त्यामुळे अंगावरच्या गोचिडा वेचल्या तरी आठवड्याने तेवढ्याच पुन्हा दिसतात.

यात दिलाशाचीही एक बाब आहे. एर्लिकिया गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू आजारी कुत्र्याचं रक्त पितं तेव्हा ते बाधित होतं, आणि मोठं होऊन दुसऱ्या कुत्र्याला चावतं. म्हणजे आजारी कुत्र्याच्या अंगावर एकही गोचीड राहू दिली नाही, तर शेजारच्या चार कुत्र्यांचाही बचाव होतो. फटी बुजवा, पोतं जाळा किंवा उकळत्या पाण्यात टाका, आणि भिंतीवर कोणतं औषध फवारायचं ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. नंतर काही महिने हे पुन्हा पुन्हा करावं लागतं.

कपाशीवरचं औषध मात्र कुत्र्याला चोळू नका. हा प्रकार आपल्याकडे होतो. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले. त्याच जातीची विषं कातडीतून आणि चाटण्यातून कुत्र्याच्या पोटात गेली तर काय होईल? मानेवर सोडायचे थेंब, पट्टा, चघळायची गोळी, असे सुरक्षित पर्याय आहेत. गोचीड नखाने चिरडू नका, काडीने जाळू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या लेकरांना कुत्र्यापासून तोडायची गरज नाही. शिवल्याने हा ताप माणसाला लागत नाही. गोचीड काढल्यावर हात धुवा म्हणजे झालं.

चावल्यानंतर काही तासांतच एर्लिकिया कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. तेव्हा उन्हाळा संपत आला की पावसाळाभर रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळ्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवा. आणि तुमच्या कुत्र्याला हा ताप निघाला असेल, तर ते गल्लीत सांगा. शेजाऱ्यांनीही आपली कुत्री तपासली पाहिजेत.