टाकीला सरकू देताना

अथेन्सच्या पश्चिमेस, मेगाराच्या किनाऱ्यालगत रेविथुसा नावाचे चिमुकले बेट आहे. ग्रीसमध्ये जहाजांनी येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, प्रामुख्याने या बेटावर उतरवला जातो. 1990च्या दशकात इथे दोन टाक्या बांधल्या गेल्या. प्रत्येकीत 65,000 घनमीटर द्रव मावतो. हा सारा टापू भूकंपाचा. 1981 साली करिंथच्या आखातातल्या धक्क्यांनी तो हादरला होता आणि 1999 साली अथेन्सजवळच्या भूकंपात 143 माणसे दगावली. अशा जागी उणे 162 अंशांचा द्रव साठवायचा, तर टाकी खडकाला घट्ट जखडावी असे कुणालाही वाटेल. रेविथुसाच्या अभियंत्यांनी टाक्या खडकापासून मोकळ्या केल्या. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो, कारण अशा टाकीची सुरक्षितता भिंतीच्या जाडीपेक्षा, काय आणि किती हलू द्यायचे हे आधीच ठरवण्यावर अवलंबून असते.

भिंत जाड करून का भागत नाही, हे टाकीच्या रचनेतच आहे. एलएनजीची टाकी म्हणजे एकात एक दोन टाक्या. आतली 9 टक्के निकेल असलेल्या पोलादाची, कारण साधे पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते; बाहेरची प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटची; मधल्या पोकळीत पर्लाइटची भुकटी आणि तळाखाली फेसाळ काचेचे ठोकळे. 65,000 घनमीटर एलएनजीचे वजन सुमारे 29,000 टन भरते. जमीन झटक्यात हलली की या द्रवाचा खालचा भाग भिंतीबरोबर एकजीव होऊन हलतो आणि सगळा भार तळाजवळच्या पत्र्यावर येतो. पत्रा तिथे फुगून चुरगळू शकतो, टाकीची कडा उचलली जाऊ शकते. कडा उचलू नये म्हणून आतली टाकी नांगरपट्ट्यांनी पायाला बांधावी, तर प्रत्येक पट्टी उष्णतारोधकातून आरपार जाते आणि बाहेरची उष्णता आत नेते. जखडण्याची किंमत अशी दोन्हीकडून मोजावी लागते.

रेविथुसात टाकीचा काँक्रीटचा तळ घर्षण-लोलक बेअरिंगांवर उभा आहे. वाटीसारख्या खोलगट पोलादी पृष्ठभागावर एक सरकता तुकडा, एवढेच त्याचे मर्म. जमीन हलली की टाकी वाटीच्या उतारावर किंचित चढते, घर्षण ऊर्जा खाते आणि टाकीचे स्वतःचे वजनच तिला पुन्हा मध्यावर आणते. खडकाळ जमिनीवरचे जोरदार धक्के बहुधा सेकंदाच्या अंशाचे असतात. टाकीचा झोका मात्र दोन-तीन सेकंदांचा होतो, त्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचणारा जोर बराच घटतो. या युक्तीचा एक गुण विशेष आहे. लोलकाप्रमाणेच इथेही झोक्याचा काळ वजनावर नाही, वाटीच्या वक्रतेवर ठरतो. तीन सेकंदांसाठी साधारण सव्वादोन मीटरची त्रिज्या पुरते. आज काठोकाठ आणि काही दिवसांनी जवळजवळ रिकामी असणाऱ्या टाकीला याहून सोयीचे काय असणार? रबरी बेअरिंगवर वजन बदलले की झोक्याचा काळही बदलतो.

यावर पहिला आक्षेप नळांचा. टाकी सरकली तर तिला जोडलेले नळ तुटणार नाहीत का? आजच्या अशा टाक्यांच्या भिंतीला किंवा तळाला सहसा भोकच ठेवत नाहीत. पंप आतच बुडवलेले असतात आणि सगळी ने-आण छतावरून होते, त्यामुळे लवचीक जोड कुठे हवे हे नेमके ठाऊक असते. दुसरा आक्षेप देखभालीचा: दशकानुदशके न हललेले बेअरिंग ऐनवेळी हलेल कशावरून? शंका रास्त आहे. पण तळ उचललेला असल्याने खाली माणूस जाऊन तपासणी करू शकतो. शिवाय खालून हवा खेळते, म्हणून जमीन गोठून फुगू नये यासाठी इतर टाक्यांच्या तळाशी बसवावी लागणारी तापक यंत्रणाही इथे लागत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र बेअरिंग निरुपायी आहेत. द्रवाचा वरचा थर डोक्यावरच्या कळशीतल्या पाण्यासारखा सावकाश हिंदकळतो. एवढ्या रुंद टाकीत एका हेलकाव्याला आठ-दहा सेकंद लागतात. दूरवरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा नेमक्या याच लयीत येऊ शकतात. सप्टेंबर 2003 मध्ये जपानच्या होक्काइदोजवळ भूकंप झाला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या तोमाकोमाईत तेलाच्या टाक्या हिंदकळल्या, तरंगती छपरे मोडली आणि धक्क्यानंतर दोन दिवसांनी नाफ्थाची एक टाकी पेटली. त्या टाक्या वेगळ्या जातीच्या होत्या, पण हिंदकळण्याचे गणित एकच. त्यावर उपाय अगदी साधा: वर पुरेशी जागा रिकामी सोडणे. साठवणक्षमता विकत घेऊन ती वापरायची नाही, हे व्यापाऱ्याच्या जिवावर येते. सर्वाधिक घासाघीस इथेच होत असावी.

आपल्या दाभोळच्या एलएनजी टाक्याही याच कसोटीवर पाहायला हव्यात. 2016च्या भारतीय मानकात रत्नागिरी चौथ्या भूकंपक्षेत्रात येते आणि 1967 साली हादरलेले कोयनानगर तिथून फार लांब नाही. दाभोळला काँक्रीट किती जाड, यापेक्षा टाकीच्या झोक्याचा काळ किती आणि द्रवावर किती जागा मोकळी राहते, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

एवढे करूनही टाकी म्हणजे टर्मिनल नव्हे. जपानने अनेक ठिकाणी टाक्या जमिनीतच उतरवल्या, म्हणजे त्या जमिनीबरोबरच हलतात आणि गळती झाली तरी द्रव जमिनीवर पसरत नाही. सेंदाई बंदरातली 80,000 घनमीटरची अशी टाकी मार्च 2011च्या भूकंपातून आणि त्सुनामीतून वाचली. पण तिच्यातला वायू शहराला पुरवणारी यंत्रसामग्री पाण्याने निकामी केली. त्याच महिन्यात सेंदाईच्या घरांत वायू पुन्हा येऊ लागला, तो देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या निइगाताहून, नळाने.