खिळा न मारता नरकासुर

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या मालवण-कुडाळकडच्या मुलांना फराळाच्या आधी आठवतो तो नरकासुर! गोव्यात चौकाचौकांत त्याचे मोठमोठे पुतळे उभे राहतात. आपल्या घरच्या खळ्यात मात्र चार फुटी नरकासुर पुरे होतो. माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे हॅलोविनला घरापुढे लाकडी सांगाडे नि भुतं मांडतात म्हणे. २०२४ साली तर तो दिवस आणि आपली नरकचतुर्दशी, दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आल्या. तिनं तिकडच्या भुताचा फोटो पाठवला, आम्ही आमच्या नरकासुराचा!

आदल्या वर्षी मात्र फजिती झाली होती. भावोजींनी खोक्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकून सांगाडा केला. सासूबाई ओरडत होत्या, "मेल्यानू, खिळे कित्याक मारतास? सुंबान बांधा!" ऐकतंय कोण? पहाटे नरकासुर जळला, मी राख झाडली, आणि पाडव्याला धाकट्याच्या टाचेत खिळा घुसला. ऐन सणात दवाखाना नि धनुर्वाताचं इंजेक्शन!

तेव्हापासून आमच्याकडे खिळा बंद. मैत्रिणींनो, सुंभानं सांगाडा छान होतो. चिवारीची किंवा बांबूची साडेचार फुटी काठी उभी घ्या, हातांसाठी अडीच फुटी आडवी. दोन्ही काठ्या जिथं एकमेकींवर येतात तिथं कोयत्यानं उथळ खाच पाडा, म्हणजे काठी फिरत नाही. सुंभ भिजवून, फुलीसारखे वेढे देऊन करकचून आवळा. पाय हवेत तर कमरेशी आणखी एक आडवी काठी बांधून तिला दोन काठ्या जोडा. उभ्या काठीचं टोक वाळूनं भरलेल्या डब्यात रोवलं की झालं. मग जुन्या सदऱ्यात नि पायजम्यात पेंढा ठासा. कपडे सुती हवेत हं! टेरिलीन वितळून ठिबकतं, अंगावर पडलं तर कातडीला चिकटतं. आणि पोटात फटाके भरायचा मुलांचा हट्ट मुळीच चालवून घेऊ नका.

खरी गंमत तोंडाची. पांगाऱ्याचं लाकूड मऊ आणि हलकं. सावंतवाडीची लाकडी खेळणी त्याचीच करत आले आहेत. सुताराकडून फूटभर फळी आणा, कडेला दोन भोकं पाडून घ्या. गेरू, चुना आणि काजळी खळीत कालवून रंगवा. डोळ्यांना करवंट्या, जिभेला लाल चिंधी. हे तोंड सुंभानंच बांधायचं, आणि पेटवण्याआधी सोडून ठेवायचं. दरवर्षी नवं लाकूड कशाला जाळायचं?

पेटवायची जागा पेंढ्याच्या कुडीपासून, मांगरापासून आणि माडांच्या झावळांपासून लांब असावी. दोन बादल्या पाणी जवळ हवंच. वारा असेल तर सरळ पेंढा काढून घ्या नि नरकासुर नुसताच पाडा. मुलं रुसतील, रुसू द्या. खरा वध तर अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या अंगठ्यानं कारीट फोडून होतोच. कृष्णानं नरकासुराच्या बंदिवासातून सोळा हजार बायका सोडवल्या, त्या युद्धात सत्यभामा बरोबर होती. म्हणून आमच्याकडे काडी सासूबाईच लावतात, बरं का!

यंदा ते लाकडी तोंड पडवीत टांगलंय. धाकट्याला त्याला मिशा हव्यात. काजळी आहे, पण खळ संपलीय.