खारी हवा आणि घरातील भांडी

अलिबाग तालुक्यातील चौल हे प्राचीन बंदर होय. आज ते नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी ओळखले जाते. समुद्रावरील वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात व हवेतील ओल धरून ठेवतात. त्यामुळे अशा किनारपट्टीवर तांबे-पितळ लवकर काळवंडते आणि लोखंड लवकर गंजते. प्रत्येक वस्तूची निगा तिच्या गुणधर्मानुसार राखणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तांबे व पितळ : चिंच किंवा आमसुलाच्या कोळात थोडे मीठ घालून नारळाच्या सोडणाने भांडे घासावे, स्वच्छ पाण्याने धुवावे व लगेच कोरडे पुसावे. आंबट पदार्थातील आम्ल धातूवरील काळा थर विरघळवते. मात्र जे आम्ल भांडे उजळते, तेच आत ठेवलेल्या अन्नात तांबे उतरवते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, सोलकढी वा आमटी कळकते. ती खाल्ल्यास मळमळ, उलटी व पोटदुखी होते. अशा भांड्यात आंबट पदार्थ मुळीच ठेवू नयेत.

कल्हई : कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. यास्तव कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. ते वाळूने वा तारेच्या चोथ्याने घासू नये. आतून तांबूस वा पिवळा धातू दिसू लागताच पुन्हा कल्हई करावी.

ॲल्युमिनियम : राख व धुण्याचा सोडा यांनी हा धातू काळा पडतो. सौम्य साबण वापरावा.

लोखंड : कोयता, विळी व तवा गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि खोबरेल तेलाचा हात फिरवावा.

लाकूड : पाट व पोळपाट भिजत ठेवू नयेत, धुऊन सावलीत उभे करून वाळवावेत.

फरशीसाठी ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी घरात वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत एक सोपे प्रात्यक्षिक दाखवावे. काळवंडलेल्या तांब्यावर चिंचेच्या कोळाचा ठिपका ठेवावा व थोड्या वेळाने पुसावा. तेथील धातू उजळलेला दिसेल. गेलेला थर कोळात उतरला, हे एवढ्यावरून सर्वांच्या ध्यानी येईल.