कांचपेटींतील तळें

शतपथब्राह्मणांत मनूची एक कथा आहे. प्रातःकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत एक इवलासा मासा मनूच्या हातीं येतो व माझें पालन कर असें विनवितो. आधीं मला कुंभांत ठेव, तो अपुरा पडला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव, आणि त्याहूनहि मोठा झालों म्हणजे समुद्रांत ने, असें तो सांगतो. ही कथा लहानपणापासून आमच्या परिचयाची; परंतु मत्स्यपालनाचा पहिला नियम तींत सांगितलेला आहे, हें आमच्या ध्यानीं येण्यास चार सोनमाशांचे प्राण जावे लागले.

दोन वर्षांपूर्वीं धाकट्या पुतण्याच्या वाढदिवशीं कोणीं एक वाटोळें कांचेचें भांडें व त्यांत चार सोनमासे भेट म्हणून आणले. शाकाहारी घरांत मासे आले म्हणून शेजारीं थोडी थट्टा झाली. घर एकत्र कुटुंबाचें. सकाळीं पूजा आटोपल्यावर आजोबा चिमूटभर खाद्य घालीत, दुपारीं काकू, संध्याकाळीं मुलें, आणि रात्रीं, आज माशांना कोणीं घातलें कीं नाहीं, अशी शंका येऊन आम्ही! रविवारीं सर्वांनीं मिळून भांडें रिकामें करावें, खडे साबणानें घांसावे व नळाचें ताजें पाणी भरावें, असा परिपाठ पडला. खाणें भरपूर, स्वच्छता सोंवळ्याची. तरी तिसऱ्या आठवड्यांत मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागले आणि पांच दिवसांत चारहि गेले. मुलांनीं ते परसांत पुरले. धाकट्यानें विचारलें, "काका, आपण त्यांना काय कमी केलें?"

उत्तर असें कीं, कमी कांहींच केलें नव्हतें. सर्वच अधिक केलें होतें.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्यांतच जेवतो व त्यांतच मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो, आणि उरलेलें खाद्य कुजलें म्हणजेहि तोच निर्माण होतो. पाणी स्फटिकासारखें नितळ दिसलें तरी हें अदृश्य विष माशाचे कल्ले पोळीत असतें. नदीतळ्यांत दगडांवर, वाळूंत व वनस्पतींच्या पानांवर सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. त्यांपैकीं कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि विषच; दुसरे त्याचें नायट्रेट करतात, तें पुष्कळच सौम्य असून पाणवनस्पतींचें खत होय. अशा जंतूंचें कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास मातीवरील प्रयोगांनीं उघड केलें. आम्ही दर रविवारीं साबणानें घांसून टाकीत होतों, ती हीच वस्ती! म्हणून आमचें पहिलें सांगणें हें कीं, मासे पाळावयाचे नसतात. पाणी पाळावयाचें असतें.

वाटोळें भांडें घेऊंच नये. साठ लिटरची लांबट पेटी नवशिक्यास सोयीची. पाणी जितकें अधिक तितकी चूक सोसली जाते. धुतलेली वाळू, पाणवनस्पती व स्पंजची गाळणी बसवून पेटी चालू करावी. मात्र जंतूंची वस्ती नीट होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. चांगल्या चाललेल्या पेटींतील वापरता स्पंज मिळाल्यास हा काळ कमी होतो. वस्तीला अन्न हवें म्हणून रिकाम्या पेटींतहि खाद्याचे चार कण टाकावे. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचीं द्रावणें दुकानांत मिळतात. दोन्ही आधीं चढून मग शून्यावर आलीं म्हणजेच मासे आणावे, व तेहि थोडेथोडे. ही वाट पाहणें मुलांना जड जातें, पण त्यांना संयम शिकविण्यास याहून चांगली शाळा नाहीं.

पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, सर्व कधींच नाहीं. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांना व या जंतूंना घातक असतें. तें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवल्यास बहुतेक क्लोरीन उडून जातें. परंतु क्लोरामीन वापरीत असल्यास तें असें जात नाहीं, त्यासाठीं औषध घालावें लागतें. स्पंज नळाखालीं न धुतां, काढलेल्या जुन्या पाण्यांत हलकेच पिळावा.

खाद्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें. दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. आमच्या घरीं आतां हें काम आजोबांकडे असून आठवड्यांतून एक दिवस माशांचीहि एकादशी असते. निरोगी मोठ्या माशांना त्यानें कांहीं अपाय होत नाहीं.

माशांची निवडहि विचारपूर्वक करावी. सोनमासा वीतभर वाढतो, घाणहि फार करतो. मनूच्या माशाप्रमाणें त्याला कुंभ पुरत नाहीं. त्यापेक्षां गप्पी, किंवा आपल्याच देशांतील रोझी बार्ब व झेब्रा डॅनिओ बरे. शेवटचे दोन थव्यानें राहणारे. निदान सहा ठेवावे व पेटीस झांकण असावें. उन्हाळ्यांत विशेष जपावें. वीस अंशांवर लिटरभर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर तीस अंशांवर साडेसातच. त्या दिवसांत खाद्य कमी करावें व हवेचा पंप अखंड चालू ठेवावा.

गोड्या पाण्यांतील लाल चेरी कोळंबी ही पेटीची उत्तम झाडूवाली होय. तिनें टाकलेली कात पाहून मुलें ती मेली म्हणून रडूं लागतात. ती कात काढूं नये, कोळंबीच ती खाते. मादी पोटाखालीं अंडीं वागविते व पिलें जन्मतःच आईच्या आकाराचीं, पण टांचणीच्या टोकाएवढीं असतात. या जिवाचा मोठा शत्रु म्हणजे तांबें. मागील उन्हाळ्यांत आमच्या मातोश्री आटलेलें पाणी रोज देवघराजवळील तांब्याच्या हंड्यांतून भरून काढीत. पाणी आटे, तांबें मात्र मागें राही. महिन्याभरांत निम्म्या कोळंब्या गेल्या. आपणांस पवित्र तें सर्वांनाच हितकर असतें असें नाहीं! माशांच्या कांहीं औषधांतहि तांबें असतें. आणि डांसांवरील फवारा तर मासा व कोळंबी दोघांनाहि मारक, म्हणून तो पेटीजवळ मारूं नये.

मासा पंख मिटून बसला, खाईनासा झाला, किंवा अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर औषधापूर्वीं पाणी तपासावें. नवीन मासा दोनतीन आठवडे निराळा ठेवूनच पेटींत सोडावा. यानें निम्में वैद्यक वांचतें.

एका बाबतींत मात्र मनूचें अनुकरण करूं नये. मासा मोठा झाला किंवा कंटाळा आला म्हणून तो नदींत अथवा तळ्यांत सोडणें ही भूतदया नव्हे. परक्या देशचे मासे तेथें माजून आपल्या मूळच्या माशांचें अन्न व जागा बळकावतात. हौसेनें पाळलेला सकर मासा आपल्या देशांतील कित्येक जलाशयांत असाच पसरला आहे. नको झालेला मासा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा.

आमच्या नव्या पेटीस आतां दीड वर्ष होत आलें. परवां धाकट्यानें एका मित्रास बजावून सांगितलें, "आधीं पाणी आण, मासे महिन्यानें आण." त्याच्या त्या प्रश्नाचें उत्तर त्याचें त्यालाच सांपडलें, याचें आम्हांस समाधान वाटतें.