६० किलोमीटर आडवे, २,००० मीटर उभे

इक्वेडोरची राजधानी किटो ते कोटोपाक्सी ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. पुण्याहून लोणावळ्याला जावं, तेवढंच. गाडीने दीड तास लागतो, म्हणून ही सहल एका दिवसाच्या सहलींच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असते आणि किटोत उतरलेले कित्येक प्रवासी दुसऱ्याच दिवशी तिकडे निघतात.

आता याच सहलीचा दुसरा आकडा पाहू. किटो समुद्रसपाटीपासून २,८५० मीटरवर वसलं आहे. कोटोपाक्सीच्या उतारावरचा होसे रिबास निवारा ४,८६४ मीटरवर आहे. फरक २,०१४ मीटरचा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे न्याहारी करून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत कळसूबाईच्या पूर्ण उंचीहूनही साडेतीनशे मीटर जास्त वर गेलेला असतो आणि त्याची सुरुवातच कळसूबाईच्या माथ्याच्या १,२०० मीटर वरून झालेली असते. यातला बहुतेक भाग तो गाडीत बसून पार करतो. पायांना चढाचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे फुप्फुसांना तो एकदम लागतो.

अँडीजच्या या पट्ट्यात किलोमीटरचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. हिशेब उभ्या मीटरांचा ठेवायचा. सहल सुखाची होईल की डोकं धरून गाडीत पडून राहावं लागेल, हे तोच आकडा ठरवतो. ज्वालामुखीच्या पायथ्याची गावं वाचतील की नाही, हेही बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर ठरतं.

‘उंचीवर ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण सहज म्हणून जातो. हवेतलं त्याचं प्रमाण मुंबईतही सुमारे २१ टक्के आणि कोटोपाक्सीवरही तेवढंच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठचा दाब १०० धरला तर किटोत तो ७१ च्या आसपास असतो, निवाऱ्यापाशी ५५ च्या आसपास. छाती तेवढीच फुगते, पण एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन मुंबईतल्या श्वासाच्या निम्म्याहून थोडाच जास्त. पाणी किटोत ९१ अंशांच्या आतबाहेर उकळतं आणि निवाऱ्यात ८४ च्या सुमाराला. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत घातली तर संध्याकाळ होईल. तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. किटोत १४ अंश असताना वर एखादाच अंश उरतो, आणि वारा असेल तर तोही जाणवत नाही.

गाडी सुमारे ४,६०० मीटरवरच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून निवाऱ्याचं पिवळं छप्पर इतकं जवळ दिसतं की हाक मारली तर ऐकू जाईल. वाट एक किलोमीटरही नाही, चढ अडीचशे मीटरांच्या आसपास. जमीन म्हणजे काळी-तांबडी राख आणि ठिसूळ खडे. पाऊल टाकलं की ते अर्ध्याने मागे घसरतं. वीस पावलं, थांबा. पुन्हा वीस पावलं, पुन्हा थांबा. कानात स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. पाऊण तास ते एक तास सहज जातो. निवाऱ्यात गरम लोक्रो मिळालं तर त्यासारखं सुख नाही. हे बटाटा आणि चीजचं दाट सूप, वर ॲव्होकॅडोची फोड. वाटीभोवती दोन्ही हात धरून बसलेली माणसं पाहिली की समजतं, इथे जेवणाआधी ऊब हवी असते.

या त्रासाला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. जो रोज धावतो त्याला हा होणार नाही, असा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. डिसेंबर १८७९ मध्ये एडवर्ड व्हिंपर इक्वेडोरमधल्याच चिंबोरासो ज्वालामुखीवर गेला. मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचलेला गिर्यारोहक तो हाच. सोबत मॅटरहॉर्नवरच आयुष्य घालवलेला वाटाड्या जाँ-आंत्वान कारेल आणि त्याचा नातेवाईक लुई कारेल. साधारण ५,१०० मीटरवर तळ पडला आणि तिघेही आडवे झाले. ताप, असह्य डोकेदुखी, श्वासासाठी धडपड. त्या तळावर सगळ्यांत कमी त्रास झाला तो प्रकृतीने तोळामासा असलेल्या दुभाष्याला. काही दिवस गेल्यावर तिघे सावरले आणि ४ जानेवारी १८८० ला शिखरावर पोचले. पुढच्याच महिन्यात व्हिंपर कोटोपाक्सीच्या माथ्यावर गेला आणि विवराच्या काठी तंबू ठोकून २६ तास राहिला. उंची ५,८९७ मीटर, चिंबोरासोवरच्या तळाहून सुमारे ८०० मीटर जास्त. तरीही डिसेंबरमधल्या आजारपणाने तिथे पुन्हा गाठलं नाही. मध्ये सात-आठ आठवडे गेले होते आणि शरीराने आपला हिशेब जुळवून घेतला होता.

आपल्याकडे आठवडे नसतात, सहा-सात दिवस असतात. त्यातही क्रम बदलला तरी बराच फरक पडतो. किटोचा विमानतळ २०१३ पासून शहराबाहेर ताबाबेलाला आहे, सुमारे २,४०० मीटरवर. पहिली रात्र त्याच बाजूच्या खोऱ्यात काढली तर साडेचारशे मीटर वाचतात. मग एक-दोन दिवस किटोच्या जुन्या शहरात भटकावं. त्यानंतर पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर जाणारा रोपवे, तेलेफेरिको. तो ३,११७ मीटरवर सुरू होतो आणि वीसेक मिनिटांत जवळपास ४,००० मीटरवर नेतो. दोन तास वर राहून झोपायला खाली यायचं. डोंगरातली माणसं सांगतात तसं, चढा उंच आणि झोपा खाली. डॉक्टरांचा सल्लाही त्याच अंगाचा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि त्रास वाढला तर खाली उतरावं. तीनशे मीटर उतरल्यावरही कित्येकांना आराम पडतो. कोटोपाक्सी मात्र शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवावं. यादीतला पहिला क्रमांक शेवटी न्यायचा, मला वाटतं एवढं केलं तरी अर्धी काळजी मिटते.

किलोमीटर आणि मीटर यांची फारकत बान्योसला उघड दिसते. किटोपासून हे गाव सुमारे १८० किलोमीटरवर, म्हणजे कोटोपाक्सीच्या तिप्पट लांब. पण त्याची उंची जेमतेम १,८०० मीटर. इथे पोचणारा माणूस किटोपेक्षा हजार मीटर खाली आलेला असतो आणि गाडीतून उतरताच त्याला मोकळं वाटतं. गरम पाण्याची कुंडं आणि धबधबे आहेत, दमछाक नाही. फक्त गावाच्या डोक्यावर ५,०२३ मीटरचा तुंगुराहुआ ज्वालामुखी उभा असतो. १९९९ मध्ये तो जागा झाला, तेव्हा अख्खं बान्योस रिकामं करण्यात आलं. जानेवारी २००० मध्ये गावकरी लष्कराची नाकेबंदी मोडून परत आले. तेव्हापासून उतारावरच्याच शेतकऱ्यांमधून ‘विहिया’ म्हणजे पहारेकरी उभे राहिले. हातात रेडिओ, डोंगर गरजला, राख पडली, ओढ्यात चिखल आला की शास्त्रज्ञांना कळवायचं. थांबत-उसळत हा उद्रेक २०१६ पर्यंत चालला. इतकी वर्षं शेती करता करता डोंगरावर कान ठेवणाऱ्या या माणसांचं नाव सहलीच्या माहितीपत्रकांत असायला हवं.

किलोटोआचं सरोवर वेगळ्या घडणीचं. सुमारे ८०० वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड स्फोटाने डोंगराचा माथाच आत बसला. उरलेलं विवर तीन किलोमीटर रुंद, त्यात साचलेलं हिरवं-निळं पाणी अडीचशे मीटर खोल. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. दोन्ही काठावरून सारखीच वाटावीत, पण लोणार वरून आदळलेल्या उल्केने घडलं आणि किलोटोआ आतून आलेल्या दाबाने. काठ ३,९०० मीटरच्या आसपास. तिथून पाण्यापर्यंतचा उतार ३०० ते ४०० मीटरचा, सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमी. अर्ध्या तासात माणूस हसतखेळत खाली पोचतो. परत चढताना मात्र हवेचा दाब समुद्रकाठच्या ६२ ते ६५ टक्केच असतो आणि वाळू पायाखालून सरकत असते. म्हणून तळाशी खेचरं भाड्याने मिळतात.

आपल्या सह्याद्रीचा दगडही ज्वालामुखीचाच, पण तिथे ज्वालामुखीचे असे शंकू नाहीत. दख्खनचा बेसाल्ट लाव्हा पातळ होता. तो फुटला आणि थरावर थर पसरत गेला. अँडीजमध्ये नाझ्का भूपट्ट वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वेगाने खंडाखाली शिरतो आणि त्यातून येणारा लाव्हा सहसा चिकट असतो. तो पसरत नाही, आहे तिथेच रचला जातो. अशा खडकाला भूशास्त्राने अँडेसाइट हे नाव दिलं, ते या पर्वतरांगेवरूनच.

मीटरांचा सगळ्यात आश्चर्याचा हिशेब चिंबोरासोचा. समुद्रसपाटीपासून तो ६,२६३ मीटर. एव्हरेस्टपेक्षा २,५८६ मीटर कमी. पण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे, तिथली तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त. चिंबोरासो विषुववृत्तापासून दीड अंशावर आणि एव्हरेस्ट २८ अंशांवर. त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर चिंबोरासोचा माथा ६,३८४.४ किलोमीटरवर येतो आणि एव्हरेस्टचा ६,३८२.३ वर. दोन किलोमीटरहून जास्त फरकाने चिंबोरासो पुढे. हा फुगवटा खरा आहे का, हे तपासण्यासाठीच १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांचं पथक किटोला आलं होतं. ज्वालामुखींच्या दोन रांगांमधल्या खोऱ्यात कित्येक वर्षं त्रिकोण मांडत त्यांनी रेखावृत्ताचे तीन अंश मोजले. आज प्रवासी बस ज्या खोऱ्यातून धावतात ते हेच. १८०२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट इथूनच गेला. ‘ज्वालामुखींचा राजमार्ग’ हे नाव त्याचंच मानतात.

पण खोऱ्याचा दुसरा आकडा विसरता येत नाही. २६ जून १८७७ ला कोटोपाक्सीचा उद्रेक झाला. तापलेल्या राखेने हिमनद्यांचा वरचा थर वितळवला आणि ते पाणी राख, दगड, झाडं घेऊन खाली सुटलं. चढताना आपला श्वास तोडणारे तेच उभे मीटर इथे चिखलाला वेग देत होते. शिखरापासून लाताकुंगा शहरापर्यंत तीन हजार मीटरहून जास्त उतार. चिखलाचा लोंढा तिथे तासाभराच्या आत पोचला. उत्तरेला गेलेला लोंढा १८ तासांनी एस्मेराल्दासपाशी पॅसिफिकला मिळाला. लाताकुंगाच्या बाजूचं पाणी मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातून अटलांटिककडे जातं. सुमारे एक हजार माणसं गेली. आज त्या वाटांवर तीन लाखांहून अधिक लोक राहतात.

कोटोपाक्सीच्या हिमनद्यांनी १९७६ ते १९९७ या काळात ३० टक्क्यांच्या आसपास क्षेत्र गमावलं. बर्फ कमी झाला की चिखलासाठी पाणीही कमी, असं वाटेल. पण उरलेला बर्फही मोठ्या लोंढ्याला पुरेसा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये डोंगराने पुन्हा राख उडवली, शिखराची वाट बंद झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडली. २०२२-२३ मध्ये तो परत धुमसला. म्हणून जायच्या आधी किटोच्या भूभौतिकी संस्थेचं त्या दिवसाचं पत्रक वाचावं. मुक्काम नदीकाठी असेल तर हॉटेलवाल्याला वर जायची वाट विचारून ठेवावी आणि ती एकदा पायी चालून पाहावी. खोऱ्यात जागोजागी सुरक्षित जागेकडे नेणाऱ्या पाट्या आहेत. त्यावरचे बाण किलोमीटर दाखवत नाहीत, चढ दाखवतात.