दिव्याखालचे चौदा तास

मुंबई, 1905 चा हिवाळा.

पहाटे चार. परळच्या चाळीत भोंग्याआधीच हालचाल सुरू होते. घड्याळ कुणाकडे नाही आणि फाटक लागलं की खाडा पडतो, म्हणून काही जण रात्रीच गिरणीच्या भिंतीशी येऊन पडलेले असतात. आपला साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, रत्नागिरीकडचा. खोलीत एकाच गावचे दहाबारा बाप्ये. बायका-पोरं गावी, खोताच्या जमिनीवर राबणारी.

पाच. साचे धडधडू लागतात. याच्या वाट्याला दोन साचे. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचं. दिवसातून कितीदा, हे कोण मोजतो? प्रत्येक ओढीबरोबर कापसाची धूळ छातीत जाते. तरीही हे काम मानाचं आणि जास्त पगाराचं. तोंडाने सूत ओढायचं म्हणूनच महारांना साचेखात्याचं दार बंद. त्यांनी सूत कातण्याच्या, कमी पगाराच्या रिंगखात्यात राहायचं. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी गिरणीतल्या विटाळाचा हाच प्रश्न काढला.

बारा. अर्ध्या तासाची सुट्टी. खानावळवालीने पाठवलेली भाकरी आणि कालवण. पैसे पगाराला द्यायचे, आणि पगार महिना उलटून गेल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी. चौदा तासांत कामगार विडीच्या, आंघोळीच्या निमित्ताने सारखे बाहेर पडतात, अशी मालकांची तक्रार असते. बाहेर नाही पडणार तर काय करणार?

तीन. धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद, हवा दमट. आत खानदेश-वऱ्हाडचा कापूस, यंत्रं ऑल्डम-मँचेस्टरकडची. इथलं बरंचसं सूत चीनला जातं; तिथला बाजार तेजीत आला की इथला दिवस लांबतो. कापडाची गत वेगळी. लँकेशायरच्या मालाला त्रास होऊ नये म्हणून सरकारने 1896 पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली आहे. कापडात डाग पडला तर मात्र ते ठाणच कामगाराच्या माथी मारून किंमत पगारातून कापतात. मुकादमाची दस्तुरी वेगळी.

सहा. पूर्वी सूर्य मावळला की गिरणी थांबायची. थंडीत दिवस लहान म्हणून जिवाला तेवढाच विसावा. आता गिरण्यांत विजेचे दिवे आलेत. 1891 च्या कायद्याने बायकांना अकरा तासांची आणि पोरांना सात तासांची मर्यादा घातली, बाप्यांना कसलीच नाही. सूर्याचं बंधन होतं, ते दिव्याने सोडवलं.

आठ. सुटी. खानावळीत जेवण, मग गावच्या मंडळीत हिशेब: मनीऑर्डर किती, खोताचं देणं किती. मला तर वाटतं, मुंबईचा स्वस्त कामगार खरा कोकणाच्या खर्चाने चालला. पोरं वाढवणं, आजारपण, म्हातारपण, संपाच्या दिवसांतलं अन्न, सगळं गावाने उचललं; गिरणीने पैसे मोजले ते फक्त चालत्या हातांचे. 1921 च्या जनगणनेत मुंबईत जन्मलेले लोक शंभरात सोळाच्या आसपासच होते, यात नवल नाही. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद. गावी मयत झालं तर खबर पोहोचेपर्यंत दहावं-बारावंही उरकायचं.

या दिवसाला पहिली सरकारी कात्री लागली ती 1911 च्या कायद्याने. कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला. या कायद्याच्या बाजूने विलायतेत लँकेशायरचे लोकही बोलत होते. मुंबईची गिरणी कमी तास चालली तर त्यांचाच माल खपणार होता. जकात लादणारी आणि तास कमी करणारी मंडळी एकच निघाली.